धनाचा हंडा

धनाचा हंडा : जमिनीत, भिंतीत किंवा तळघरात पुरलेल्या धनाचे लोकसमजुतीतील रूप. लोखंडी पट्ट्यांची, घुमटासारख्या झाकणाची खजिन्याची पेटी आपल्याला ओळखीची झाली ती गोष्टींच्या पुस्तकांतून आणि व्हिडिओ गेममधून. ती युरोपीय दर्यावर्दी जगातली. सातारा-सांगलीकडे खजिना म्हटले की तांब्याचा हंडा नाहीतर मातीचे मडके डोळ्यांपुढे येते. पेट्या इथल्या वाड्यांतही असत. चोरकप्प्याच्या सागवानी पेटीत दागिने आणि कागदपत्रे राहत. पण पेटी चोराच्या नजरेत भरते. मडके पुरून वर सारवले की तिथे चूलही मांडता येते. गावोगाव बँका नव्हत्या आणि लुटालुटीची धास्ती होती, त्या काळात हीच सोय. ठेवणारा कुणाला न सांगता गेला की ठेवीचे गुप्तधन झाले.

पेटीला किल्ली लागते, हंड्याला नशीब. कथांमधला हंडा जागचा हलतो, रात्री जमिनीखालून साखळ्यांचा आवाज येतो, तो घरधन्याला ‘येऊ का?’ म्हणून विचारतो. ज्याच्या नशिबी नाही त्याने उकरला तर मोहरांचे कोळसे होतात. राखणीला भुजंग असतो, आणि तो बहुधा जीव अडकलेला जुना मालकच. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याला, जमिनीखालचे धन दिसते असे मानतात. या सगळ्या कथा धन किती यात फारशा रमत नाहीत. ते कुणाचे, हा त्यांचा खरा घोर.

तळघरात पहिला उतरणारा मरतो, ही समजूत मात्र अगदीच हवेतली नसावी. सांगलीजवळ, कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची पेवे, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारे आहेत : तोंड अरुंद, पोट मोठे, वरून मातीने बंद. आतला प्राणवायू संपतो म्हणून हळदीला कीड लागत नाही, आणि त्याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात माणूस लगेच उतरत नाही. जे पेवाचे तेच बंद भुयाराचे; बळी घेणारा राखणदार बऱ्याचदा कोंडलेली हवाच असणार.

समजुतीची किंमत जुन्या वास्तूंनी मोजली आहे. वीरगळीखाली, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेखाली, नंदीखाली, गडावरच्या जोत्यात धन असते म्हणून दगड उखडले जातात, आणि हाती काही न लागता इतिहासाचा पुरावा तेवढा जातो. त्याहून भयंकर नरबळी. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये त्याच्या अनुसूचीत स्पष्ट नमूद आहेत.

धन कुणाचे, याचे सरकारी उत्तर १८७८ च्या भारतीय निखात निधी (म्हणजे पुरलेले धन) अधिनियमात आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. दहाचा हा आकडा आज गमतीचा वाटतो. शंभर वर्षांहून जुन्या, बेवारस ठरलेल्या ठेव्याचे तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला, दोघांत वेगळा करार नसल्यास. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येतो. शोधणाऱ्याने दडवून ठेवला तर त्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.