धुरातला कार्बन आणि कंत्राटदाराची सही

धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचं रसायनशास्त्र जुनं आहे. रॉबर्ट बॉटम्स यांना अमेरिकेत अमाइन (अमोनियापासून बनणारी नायट्रोजनयुक्त रसायनं) द्रावणाच्या पद्धतीचं पेटंट मिळालं ते १९३० साली. गार द्रावण वायू शोषून घेतं, तापवलं की सोडून देतं. नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ही पद्धत केव्हाच रुळली. खरी अडचण आली वीजकेंद्राच्या धुराड्यापाशी. तिथे धूर अफाट, त्यात कार्बन विरळ, शिवाय ऑक्सिजन, गंधक आणि राख. एवढा पसारा उभारून ‘रोज इतके टन पकडूच’ अशी लेखी हमी कोणी द्यायची? मला तरी या क्षेत्राचा इतिहास मुख्यतः या सहीचाच वाटतो.

मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने ही हिंमत पायरी-पायरीने कमावली. कान्साई इलेक्ट्रिकसोबत ओसाकात १९९०च्या दशकात स्वतःचं द्रावण तयार केलं. १९९९मध्ये मलेशियातल्या खत कारखान्यात रोज सुमारे २०० टनांचा संच उभा राहिला. पुढची पायरी आपल्याकडची, आणि तिची आठवण फारशी कोणी काढत नाही: २००६च्या सुमारास उत्तर प्रदेशात इफकोच्या आंवला आणि फूलपूर कारखान्यांत प्रत्येकी ४५० टन. नैसर्गिक वायूपासून अमोनिया केला, की युरियासाठी कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. तो रिफॉर्मरच्या, म्हणजे नैसर्गिक वायूचं विघटन करणाऱ्या भट्टीच्या, धुरातून भरून काढला. २०११मध्ये अलाबामातल्या बॅरी वीजकेंद्रात कोळशाच्या धुरावर ५०० टनांची चाचणी झाली. मग टेक्सासमधल्या कोळशाच्या वीजकेंद्रावरचा पेट्रा नोव्हा प्रकल्प, रोज जवळपास ४,७०० टन! मित्सुबिशी आणि टीआयसी ही अमेरिकी बांधकाम कंपनी यांनी ते काम मिळून घेतलं, रक्कम आधीच ठरलेली. २०१६च्या अखेरीस ते वेळेत आणि ठरल्या खर्चात पुरं झालं.

त्याच काळात मिसिसिपीत केम्पर या कार्बन पकडणाऱ्या वीजकेंद्राचं काम चालू होतं. तिथे कोळशाचा आधी वायू करायचा होता, म्हणजे तंत्र वेगळं आणि एवढ्या आकारात न चाललेलं. तपशीलवार आराखडे पुरे होण्याआधीच बांधकाम सुरू झालं आणि बांधणीची सूत्रं मालक असलेल्या ‘सदर्न कंपनी’ या वीजकंपनीने स्वतःकडे ठेवली. नियामकांनी २.८८ अब्ज डॉलरची मर्यादा घातली होती. खर्च ७ अब्जांच्या वर गेला. २०१७मध्ये वायूकरण थांबवलं, २०२१मध्ये तो सांगाडा सुरुंग लावून पाडला. हजारो माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत होती ती.

कॅनडातल्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रातल्या कार्बन पकडणाऱ्या संचाचं बांधकाम एसएनसी-लाव्हालिन या कंपनीकडे होतं. २०१४मध्ये तो सुरू झाला, पण पहिल्या वर्षी जेमतेम ४० टक्के वेळ चालला. राखेने उपकरणं चोंदत होती, अमाइन खराब होत होतं. कोळशाच्या धुराने काय होतं, ते तिथे सगळ्यांनी पाहिलं.

पेट्रा नोव्हा उत्तम बांधला गेला, तरी २०२०मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर बंद पडला, कारण पकडलेला वायू तेलविहिरीत सोडून जास्त तेल काढण्यातूनच त्याची कमाई होत होती. २०२३मध्ये तो पुन्हा सुरू झाला. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याने हा धोका टाळला: बराचसा खर्च सरकारने उचलला, आणि एकेर या कंत्राटदार कंपनीनेही कंत्राट घेण्याआधी त्याच कारखान्याच्या धुरावर फिरता चाचणी-संच चालवून पाहिला. वर्षाला ४ लाख टनांचा तो प्रकल्प जून २०२५मध्ये सुरू झाला.

भारतात कोळशाच्या धुरावर एनटीपीसीने विंध्याचलला २०२२मध्ये संच उभारला. त्याची क्षमता रोज २० टन. त्यापुढच्या, काहीशे टनांच्या पायऱ्या आपल्या कंत्राटदारांना अजून चढायच्या आहेत.