बेकारी : विकसित व विकसनशील अर्थव्यवस्थांतील प्रकार आणि कारणे

प्रचलित वेतनावर काम करण्याची तयारी आहे, क्षमता आहे, शोधही चालू आहे, पण काम मिळत नाही, या स्थितीला अर्थशास्त्रात बेकारी म्हणतात. तिचा दर एकूण लोकसंख्येवर नव्हे, तर श्रमशक्तीवर, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या बेरजेवर काढतात. साहजिकच विद्यार्थी, निवृत्त आणि शोधून थकलेले निराश लोक या हिशेबात येत नाहीत. शिवाय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषानुसार पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. बेकारभत्ता नसलेल्या देशांत रिकामे बसणे गरिबाला परवडतच नाही. पडेल ते काम, मिळेल त्या पैशांत करावे लागते. त्यामुळे अनेक गरीब देशांचा बेकारीचा दर श्रीमंत देशांपेक्षा कमी भरतो. हा आकडा वाचताना फसगत होते ती इथेच.

विकसित देशांतील बेकारी बहुतांशी उघड व नोंदलेली असते. एक नोकरी सोडून दुसरी मिळेपर्यंतची घर्षणात्मक बेकारी अल्पकालीन असते. तिची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. तेजी-मंदीच्या फेऱ्यांबरोबर येणाऱ्या चक्रीय बेकारीचे मूळ मागणीच्या तुटवड्यात असते. माल खपत नाही म्हणून उत्पादन घटते, कामगार कमी होतात, त्यांची खरेदी थांबते आणि माल आणखीच पडून राहतो. महामंदीत, 1933 साली, अमेरिकेतील श्रमशक्तीचा सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. वेतन उतरले की बेकारी आपोआप हटेल, या जुन्या समजुतीला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये आव्हान दिले आणि सरकारी खर्चाने मागणी वाढवण्याचा मार्ग सुचवला.

संरचनात्मक बेकारी अधिक चिवट. कोळसा, पोलाद, जहाजबांधणी असे उद्योग आटले की नव्या नोकऱ्या निघतात त्या दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या कौशल्याच्या. पन्नाशीतल्या खाणकामगाराला त्यांचा उपयोग थोडाच. बेकारी लांबली की कौशल्य गंजते, मालकही अशा उमेदवाराला टाळू लागतात आणि मंदी सरली तरी बेकारी मागे उरते.

विकसनशील देशांत दुखणे निराळे आहे. तिथे माणसे भरपूर, पण त्यांना कामाला लावणारी यंत्रे, सिंचन, वीज, भांडवल अपुरे. वाढत्या कुटुंबाचा भार त्याच जमिनीवर पडतो. चौघांच्या कामात सहा जण राबतात. दोघे निघून गेले तरी पीक घटत नाही. हीच प्रच्छन्न किंवा छुपी बेकारी. अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांचा 1954 चा विकाससिद्धांत अशाच अतिरिक्त श्रमावर उभा आहे; अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांना मात्र शेतीतील हे श्रम निरुपयोगी असल्याचे मान्य नव्हते. गंमत अशी की ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1936 मध्ये ही संकल्पना मांडली ती औद्योगिक देशांसाठी : कारखान्यातून काढलेला कामगार रस्त्यावर काडेपेट्या विकू लागला, तर त्याची बेकारी संपली असे म्हणायचे का?

कोरडवाहू शेतीत पेरणी ते कापणी वगळता हंगामी बेकारी असते. सुशिक्षितांची बेकारी त्याहून वेगळी : पदव्या वाढतात, त्या मानाने कार्यालयीन जागा वाढत नाहीत आणि घरचा आधार असलेला तरुण योग्य नोकरीची वाट पाहत थांबतो. शहरांबाबत हॅरिस व टोडारो या अर्थतज्ज्ञांनी 1970 मध्ये दाखवले, की शहरी वेतनाच्या आशेने खेड्यांतून लोंढे येतात. त्यामुळे शहरात रोजगार वाढवल्यावर तिथली बेकारीही वाढू शकते.

केन्सचा उपाय इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, असे भारतीय अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1952 मध्येच दाखवून दिले होते. धान्य व भांडवली साधनांचा पुरवठा ताठर, म्हणजे मागणीबरोबर चटकन न वाढणारा, असताना नुसता खर्च वाढवला, तर रोजगाराऐवजी किमती चढतात.

श्रम-आकडेवारी तज्ज्ञांच्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोजमापाची चौकट बदलली. मुख्यतः घरच्या वापरासाठी पिकवणे आता रोजगारात धरले जात नाही. अपुऱ्या तासांचे काम करणारे आणि काम हवे असूनही न शोधणारे यांचीही वेगळी गणना सुचवलेली आहे.