सगळ्यांना ठाऊक असलेल्या रस्त्याचा नकाशा

धनुर्वाताची लस घ्यायला विद्यार्थ्यांना कसं तयार करावं? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथॉल आणि सहकाऱ्यांनी यासाठी दोन तऱ्हेची पत्रकं काढली. एक सौम्य, दुसरं वाचून अंगावर काटा यावा असं. १९६५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. दुसरं पत्रक वाचणारे चांगलेच हादरले, लस घ्यायलाच हवी असंही म्हणाले. प्रत्यक्षात नुसतं पत्रक वाचून लस घेतली जेमतेम ३ टक्क्यांनी, मग पत्रक भीतीचं असो की सौम्य.

काहींना मात्र पत्रकासोबत विद्यापीठाच्या आवाराचा नकाशाही दिला होता, आरोग्य केंद्रावर खूण केलेला. आठवड्याचं वेळापत्रक बघा आणि कधी जाता येईल ते ठरवा, एवढंच सांगितलं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. गंमत अशी की ही शेवटच्या वर्षाची मुलं, केंद्र कुठे आहे हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आणि पत्रक न देता नुसतं कुठे-कधी सांगितलं, तेव्हा कुणीच फिरकलं नाही.

कळतं पण वळत नाही, याचा दोष आपण लगेच इच्छाशक्तीवर ढकलतो. मला तो आरोप आळशीपणाचा वाटतो. पुष्कळदा इच्छा असते, तिला मुहूर्त नसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांची ‘जर-तर’ योजना हा मुहूर्तच ठरवून देते. ‘उद्यापासून गोळी चुकवणार नाही’ असं नाही, तर ‘रात्री दात घासून ब्रश जागेवर ठेवला, की शेजारची डबी उघडायची.’ निर्णय आधीच झालेला असतो. रात्री पेंगुळलेल्या मेंदूला ‘आता की नंतर’ हा वाद घालावा लागत नाही, ब्रश ठेवल्याचा आवाजच आठवण करून देतो.

ब्रिटनमधल्या २००२ च्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा तरी २० मिनिटं व्यायाम करायचा होता. काहीच न सांगितलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी तो केला, व्यायामाचे फायदे वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. फायदे वाचून कधी आणि कुठे करणार हेही लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी! अर्थात हे विद्यार्थी होते आणि प्रश्न एका आठवड्याचा होता, त्यामुळे या आकड्यावर फार हुरळू नये.

सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. २१ दिवसांत सवय लागते, ही गोष्ट सोडून द्या. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एक नवी सवय लावून घ्यायला आणि १२ आठवडे तिच्या रोज नोंदी करायला सांगितलं. या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला, तर सवय पक्की व्हायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही.

बिघडतं ते जागा बदलली की. प्रवासात ब्रश भलत्याच बेसिनपाशी असतो आणि डबी बॅगेच्या तळाशी.