लेव्हिटाउन

लेव्हिटाउन : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘लेव्हिट अँड सन्स’ या बांधकाम कंपनीने वसवलेल्या उपनगरांचे नाव. पहिले न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर (१९४७–५१), दुसरे पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीत (१९५२–५८) आणि तिसरे न्यू जर्सीत (१९५८ पासून). युद्धोत्तर काळातला अमेरिकी मध्यमवर्ग सरकारी कर्जहमीच्या आधाराने कसा घडला आणि त्याच हमीच्या लाभापासून कृष्णवर्णीयांना कसे दूर ठेवले गेले, हे या वसाहतींच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

आधी महामंदी आणि पाठोपाठ युद्ध, यांमुळे पंधरा-सोळा वर्षे देशात घरबांधणी रखडली होती. आघाडीवरून परतलेले लाखो तरुण लग्न करून संसार थाटू पाहत होते. पण कोणी आईवडिलांकडे एका खोलीत, तर कोणी पत्र्याच्या लष्करी बराकीत दिवस काढत होते. जून १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सही केलेल्या ‘जी. आय. बिल’ने माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी दिली. १९३४ पासून काम करणारे संघीय गृहनिर्माण प्रशासन (एफ. एच. ए.) कर्जांचा विमा उतरवत होतेच. कर्ज बुडण्याची भीती गेल्यावर बँकांनी हात सैल सोडला, आणि बिल्डरांना एकदम हजारो घरांचे बेत आखता येऊ लागले.

अब्राहम लेव्हिट आणि त्यांचे मुलगे विल्यम व आल्फ्रेड यांनी लाँग आयलंडवरची बटाट्याची शेते विकत घेतली. पिकाला सूत्रकृमीची कीड लागल्यामुळे शेतकरीही जमिनी विकायला तयार होते. युद्धकाळात कंपनीने व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथे कामगारांची घरे घाईने बांधली होती. तो अनुभव इथे कामी आला. तळघर वगळून काँक्रीटच्या लादीवर घर उभे करायचे, तर स्थानिक बांधकाम नियम बदलावा लागणार होता. ही जमीन हेम्पस्टेड नगराच्या हद्दीत होती. १९४७ च्या मे महिन्यात तिथल्या नगर मंडळापुढे हा प्रश्न आला तेव्हा सभागृह माजी सैनिकांनी भरून गेले, आणि नियम बदलला. त्यानंतर बांधकामाचे सुमारे सत्तावीस टप्पे पाडण्यात आले. कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो. इथे घर जागेवरच राही आणि कामगारांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घराकडे सरकत. एकाने फक्त लाल रंग द्यायचा, दुसऱ्याने फक्त पांढरा. लाकूड कंपनीच्या कॅलिफोर्नियातील स्वतःच्या गिरणीतून येई आणि कामगार संघटनांना कामावर थारा नव्हता. ऐन भरात दिवसाला तीस घरे पूर्ण होत. लाँग आयलंडवर एकूण १७,४४७ घरे झाली.

पहिले घर लहानच होते : ७५० चौरस फूट, दोन झोपायच्या खोल्या, वर अर्धवट सोडलेला पोटमाळा, स्वयंपाकघरात फ्रीज, शेगडी आणि कपडे धुण्याचे यंत्र. सुरुवातीला घरे भाड्याने दिली जात. १९४९ मध्ये नवे घर ७,९९० डॉलरना विकायला निघाले. माजी सैनिकाला आगाऊ रक्कम जवळजवळ भरावी लागत नसे. ज्यांच्या आईवडिलांचा जन्म भाड्याच्या खोलीत गेला, त्या गिरणी कामगारांना आणि कारकुनांना मालकीचे अंगण मिळाले. ही फार मोठी गोष्ट होती, आणि एकसारख्या घरांच्या रांगांना नाके मुरडणाऱ्या टीकाकारांनी तिची नीट दखल घेतली नाही. नियम मात्र कडक होते. कुंपण घालायचे नाही, हिरवळ वेळच्या वेळी कापायची, शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत विल्यम लेव्हिट सांगत, की ज्याला स्वतःचे घर आणि जागा आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही. त्याला घरचीच कामे पुरून उरतात.

सुरुवातीच्या करारात एक कलम होते : गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही, घरकामाचे नोकर सोडून, या घरात राहू द्यायचे नाही. अशा अटींना एफ. एच. ए.च्या मार्गदर्शक नियमांचेच उत्तेजन होते. मे १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत. कलम पुढे गळाले, धोरण तेच राहिले. विल्यम लेव्हिट यांचे म्हणणे असे, की घरांचा प्रश्न सोडवता येईल किंवा वंशाचा, दोन्ही एकदम नाही. हा युक्तिवाद टिकत नाही, कारण त्यांचा धंदा सगळ्या नागरिकांच्या सरकारने दिलेल्या हमीवर चालला होता. युद्धात लढून आलेला कृष्णवर्णीय सैनिकही त्याच कायद्याचा हक्कदार होता.

ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य तीन लहान मुलांसह पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनमध्ये राहायला आले. विल्यम स्वतः माजी सैनिक. घर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेतले होते. संध्याकाळ होताच शेकडोंचा जमाव दारापुढे जमला आणि दगडांनी दर्शनी खिडकीची काच फुटली. मागच्या रिकाम्या घरावर अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा झेंडा लावून मोठ्याने गाणी वाजवली जात. शेजारच्या वेक्सलर या ज्यू कुटुंबाने मायर्स दांपत्याला साथ दिली, तर वेक्सलर यांच्या भिंतीवर ‘के. के. के.’ (कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची आद्याक्षरे) ही अक्षरे रंगवली गेली. गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्य पोलीस पाठवले, पुढे न्यायालयाने छळ करणाऱ्यांना मनाई केली. मायर्स कुटुंब तिथून हलले नाही. १९६१ पर्यंत ते त्याच घरात राहिले.

घर नाकारताना वंशभेद करण्याला संघराज्याच्या कायद्याने बंदी घातली ती एप्रिल १९६८ मध्ये. तोवर स्वस्त घरांची ती पहिली लाट ओसरली होती आणि ज्यांना तेव्हा घर मिळाले त्यांच्या मालमत्तेचे मोल वाढले होते. न्यू जर्सीत मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच लेव्हिट यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे विकणे कंपनीला भाग पडले. त्या गावाने १९६३ मध्ये मतदान करून लेव्हिटाउन हे नाव टाकले आणि विलिंगबरो हे जुने नाव परत घेतले.