बाकाचा कोन आणि छातीचा स्नायू

विदर्भातील तालुक्यांच्या गावी आता दोन-तीन जिम सहज सापडतात आणि संध्याकाळच्या गर्दीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले बरीच असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा छातीचा व्यायाम सपाट बाकावरच्या बेंच प्रेसने, म्हणजे उताणे झोपून वजनाचा बार छातीवरून वर ढकलण्याने, सुरू होतो आणि तिथेच संपतो. वर्षभराने छातीचा खालचा भाग चांगला भरतो, पण गळ्याखालची जागा बसकीच राहते. मग मुले वजन वाढवतात. प्रत्यक्षात बदलायला हवा असतो तो बाकाचा कोन.

छातीचा मोठा स्नायू एका जागेवरून निघत नाही. त्याचे वरचे तंतू गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आतील अर्ध्या भागावरून निघून खाली आणि बाहेर जातात, तर मधले व खालचे तंतू छातीच्या मधल्या हाडावरून आणि वरच्या सहा बरगड्यांच्या कूर्चांवरून निघतात. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या तुंब्यात येऊन मिळाव्यात, तसे हे सारे तंतू दंडाच्या हाडावर खांद्याच्या थोडे खाली येऊन मिळतात. तंतू आपल्याच दिशेने आखडतो. त्यामुळे दंड शरीरासमोर आडवा आत येतो किंवा वरून खाली ओढला जातो तेव्हा मधले व खालचे तंतू अधिक राबतात, आणि दंड समोरून वर उचलला जातो तेव्हा वरचे. पूर्ण सुटा मात्र कोणताच भाग राहत नाही. कोनानुसार कामाची वाटणी तेवढी बदलते.

सपाट बाकावर ही वाटणी मधल्या व खालच्या तंतूंकडे झुकते. डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उचलली की वरच्या तंतूंचा वाटा वाढतो. पण ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर खांद्याचा पुढचा स्नायू भार आपल्याकडे घेऊ लागतो आणि छातीचा व्यायाम हळूहळू खांद्याचा होतो. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून केलेल्या मोजमापांतून हेच चित्र दिसते. अर्थात अशी मोजमापे स्नायूतील विद्युत हालचाल दाखवतात, वाढ नव्हे. म्हणून प्रत्यक्ष जाडी मोजणारे प्रयोग अधिक मोलाचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात, पूर्वी व्यायाम न केलेल्या तरुणांना आठ आठवडे बेंच प्रेस करायला लावले, तेव्हा ४४ अंशांच्या तिरक्या बाकावर व्यायाम करणाऱ्यांच्या छातीचा वरचा भाग सपाट बाकावरच्यांपेक्षा जास्त वाढलेला आढळला.

आपल्याकडची खरी अडचण बाकाची आहे. गावातील वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या तिरक्या बाकाला अनेकदा एकच खाच असते आणि ती बरीच उभी असते. असा बाक तपासायला कोनमापक लागत नाही. पाठीच्या फळीची बिजागरीपासून टोकापर्यंतची लांबी मोजावी आणि टोक बिजागरीपेक्षा किती उंच आहे तेही मोजावे. उंची लांबीच्या निम्मी असेल तर कोन ३० अंशांचा. फळी ८० सेंटीमीटरची असेल तर टोक ४० सेंटीमीटर वर हवे. ते ५६-५७ सेंटीमीटर वर असेल तर कोन ४५ अंशांचा झाला असे समजावे. सपाट बाकाच्या डोक्याकडच्या पायांखाली जाड लाकडी ठोकळे देऊन थोडा उतार करता येतो, मात्र ते घट्ट आणि न सरकणारे हवेत.

तिरक्या बाकावर वजन कमी पेलते, कारण सर्वांत दणकट तंतूंची मदत तिथे घटते. इथेच मुलांचा अहंकार आडवा येतो. सपाट बाकावर ६० किलो मारणारा तिरक्यावर ४५ किलोवर अडखळला की त्याला ती माघार वाटते आणि तो पुन्हा जुन्या रांगेत जाऊन उभा राहतो. मुळात ६० किलो हा आकडाही तपासून घ्यावा. स्पर्धेतील पुरुषांचा प्रमाणित बार २० किलोचा असतो, तर गावच्या जिममधील बारीक रॉड त्याच्या निम्माही भरत नाही. धान्याच्या दुकानातील वजनकाट्यावर तो एकदा ठेवून पाहिल्यास वाद मिटतो.

सपाट बाकावर बार स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा किंचित खाली टेकवावा, तिरक्या बाकावर त्याच्या थोडा वर. दोन्हीकडे कोपरे खांद्यांच्या सरळ रेषेत फाकवू नयेत. धडाशी ४५ ते ७० अंशांचा कोन ठेवल्यास खांद्याचा सांधा कमी कुरकुरतो. हात जवळ धरल्यास ट्रायसेप्सला, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूला, जास्त काम पडते. डंबेलमध्ये, म्हणजे प्रत्येक हातात वेगळे वजन घेतल्यास, एकूण वजन कमी पेलते, पण छातीच्या कामात फारशी तूट येत नाही, शिवाय उजवा हात डाव्याची कमतरता झाकू शकत नाही. फवारणीच्या हंगामात १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन एकाच हाताने दांडा मारणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवेल.

डोके खाली करणारा उतरता बाक बहुतेकांना लागतच नाही, असे माझे मत आहे. त्याचे काम सपाट बाक बरेचसे करतो आणि उरलेले शाळेच्या मैदानावरचा डबल बार (दोन समांतर दांड्यांवर हातांनी शरीर तोलून खाली-वर करण्याचा) करतो. ‘इनर चेस्ट’साठी, म्हणजे छातीच्या मधल्या फटीजवळच्या भागासाठी, वेगळा व्यायाम शोधणेही व्यर्थ आहे. तंतू मधल्या हाडापासून दंडापर्यंत सलग जातात आणि दोन बाजूंमधील फट मुख्यतः ते हाडाला कुठे चिकटले आहेत यावर ठरते. भरतीत न फुगवता किमान ७९ सेंटीमीटर आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त छाती मागतात. त्यांतील पहिल्या मापात स्नायू भर घालतात, पण ती ५ सेंटीमीटरची वाढ बरगड्यांच्या हालचालीची आणि श्वासाची असते, बेंच प्रेसची नव्हे.

ज्यांच्या गावात जिमच नाही, त्यांनी पाय घरच्या ओट्यावर ठेवून पुश-अप मारावेत. जमिनीवरच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार येतो. पाय दोन फूट उंच ठेवल्यास तो पाऊण हिश्श्याच्या जवळ जातो आणि कामाचा रोख वरच्या तंतूंकडे वळतो. असे व्यायाम आपल्याकडे नवे नाहीत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. आखाड्यांतले जोर तर त्याहून जुने, आणि त्यांत दंडाची दिशा सतत बदलत जाते.

आठवड्याला छातीचे दहाच्या आसपास सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांचे फेरे) दोन दिवसांत विभागावेत आणि गळ्याखालचा भाग मागे असेल तर तिरक्या बाकाचे आधी, ताज्या दमात घ्यावेत. तेवढेच सेट पाठीसाठी रोइंगचे, म्हणजे वजन शरीराकडे ओढण्याचे, असावेत, नाहीतर खांदे पुढे झुकू लागतात. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये तळहात घामाने निसटतात, म्हणून अंगठा बारभोवती पूर्ण वळवावा, आणि सोबत कोणी नसेल तर जड बारऐवजी डंबेलच उचलावेत.