काचेवर ओरखडा, म्हणून पुष्कराज?

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात खडा घेताना हमखास ऐकू येतं: काचेवर ओरखडा उठला की पुष्कराज (पिवळा नीलम) खरा. चूक! 1 ते 10 च्या मोह्स मापावर काचेचा कठीणपणा साधारण 5.5, पुष्कराजासारख्या दिसणाऱ्या स्वस्त सुनेल्याचा (पिवळ्या स्फटिकाचा) 7, पुष्कराजाचा 9. ओरखडा दोघेही काढतात, वर पैलूची कड उडते ती वेगळीच.

वजन करा. 5 कॅरेटचा सुटा खडा बारीक तारेने पाण्यात बुडवून तोलला, तर पुष्कराज 3.75 कॅरेटच्या आसपास भरतो, सुनेला जेमतेम 3.11. खड्याला बुडबुडा चिकटला तर आकडा कमी येतो. आधी ब्रशने झटका. कारखान्यात बनवलेला पुष्कराज मात्र यातही पास होतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा.