सुंतेचं बिल कोण भरतं?

अमेरिकेत मुलगा झाला की इस्पितळात पालकांना विचारतात, सुंता करायची का? तिकडच्या मराठी आई-बाबांनाही हा प्रश्न चुकत नाही. डॉक्टरच विचारतायत म्हणजे गरज असणार, असं वाटून बरेच जण गोंधळतात. (धर्मासाठी होणारी सुंता हा वेगळा विषय, तो इथे नको.)

१८७० मध्ये लुईस सेयर या न्यूयॉर्कच्या नामवंत शल्यविशारदानं सुंतेनं लकवा बरा होतो असं जाहीर केलं होतं. गंडेदोरे फक्त बाबा-बुवाच विकतात असं नाही! आजचे दावे बरे, पण बेतानंच घ्यावेत असे. बाळाचा एक मूत्रसंसर्ग टाळायला शंभराच्या वर सुंता कराव्या लागतात. एचआयव्हीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं ते आफ्रिकेतल्या प्रौढ पुरुषांत, तेही स्त्रीकडून होणाऱ्या संसर्गापुरतं.

मग प्रथा टिकते कशावर? ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आली, तिनं नवजात बाळांच्या सरसकट सुंतेचा खर्च उचलला नाही. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं दाखवलं की सुंतेत काढतात ती शिश्नाच्या टोकावरची त्वचा जन्मतः चिकटलेलीच असते आणि बहुतेकांची पुढे आपोआप सुटते. प्रथा ओसरली, पण श्रेय पैशाला की शास्त्राला, हे वेगळं काढणं अवघड.

अमेरिकेत ते थोडं जमतं. तिथे मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यात सुंता धरायची की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवतं. २००९ च्या एका अभ्यासात, वंश वगैरे घटकांचा हिशेब केल्यावरही, पैसे देणाऱ्या राज्यांतल्या इस्पितळांत सुंतेचं प्रमाण २४ टक्के-अंकांनी जास्त निघालं. आधीच प्रमाण कमी असलेल्या राज्यांनीच सुंता विम्यातून वगळली असेल, ही शंका रास्त आहे. एकाच वेळच्या तुलनेतून ती पुरती फिटत नाही. तरी यंत्रणा कळते. डॉक्टर लोभी असायला लागत नाही. केलेल्या कामाचे पैसे मिळतात. "राहू द्या, गरज नाही" हे समजावण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे मिळत नाहीत.

२०१२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सर्व बाळांना शिफारस करण्याइतके नाहीत. आणि विम्यानं मात्र पैसे द्यावेत. युरोपातल्या डॉक्टरांनी याला सांस्कृतिक पूर्वग्रह म्हटलं, अकादमीनं तोच आरोप उलटवला. कुटुंबाचा निर्णय पैशावर अडू नये, हा अकादमीचा तर्क वरवर निःपक्ष वाटतो. पण ते २४ अंक पाहिले तर विमा देणं हाच एका बाजूला दिलेला धक्का ठरतो, आणि ही शस्त्रक्रिया करणाऱ्यांत बालरोगतज्ज्ञही असतात.